आधी समोरच्याची बाजू

शोकसभेसाठी मोठा करून आणलेल्या फोटोतल्या माणसाला मी पटकन ओळखलं नाही. चेहरा ह्यांचाच होता. शर्टही त्यांचाच, मीच इस्त्री केलेला. पण दोन भुवयांच्या मधली उभी आठी नाहीशी झाली होती. फोटोवाल्याने ती संगणकावर पुसली होती. "आजोबा प्रसन्न दिसायला हवेत," असं तो म्हणाला म्हणे, आणि माझ्या मुलाने त्याला होकार दिला.

ती आठी रागाची नव्हती, ऐकण्याची होती. समोरचा माणूस काही मांडू लागला की ती उमटायची आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत तिथेच राहायची. एवढं लक्षपूर्वक ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. इतरांना वाटायचं, हे चिडले. मग बोलणाऱ्याचं बोलणं संपलं की ते म्हणायचे, "थांबा. तुम्ही काय म्हणालात ते आधी मी सांगतो. चुकलं तर अडवा." आणि त्या माणसाचं म्हणणं त्याच्याहून नीट मांडून दाखवायचे. चिडायचे ते त्यानंतर.

फोटोला हार घातला गेला. मी खुर्चीत बसून होते. तीन महिने झाले त्याला. अजूनही त्या फोटोची आठवण झाली की मला रडू येत नाही, राग येतो. लोक सांगतात, शोकात असं होतं, निवळेल. निवळावं असं मला वाटत नाही.

ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. मी शाळेत मराठी शिकवायची. नोकरीची सगळी वर्षं आम्ही एकमेकांशी गॅस, फी, पाहुणे आणि दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी राख याच विषयांवर बोललो. भांडणंही त्यावरच. आमचं वाईट चाललं होतं असं नाही, पण बोलण्यासारखं काही आहे हेच दोघांना माहीत नव्हतं. ते निवृत्त झाले, दोन वर्षांनी मी झाले, आणि एका थंडीच्या सकाळी चालायला म्हणून आम्ही पांडवलेणी चढलो. जन्म इथे गेला, पण लेणी म्हणजे पाहुण्यांना दाखवायची जागा. त्या दिवशी पाहुणे नव्हते. कोवळं ऊन व्हरांड्यात तिरकं येत होतं आणि भिंतीवरची अक्षरं उठून दिसत होती. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, हे कुणीतरी आपल्याला वाचता यावं म्हणून लिहिलंय. आणि आपण साठी ओलांडली तरी नुसते फोटो काढतोय."

म्हणून आम्ही ब्राह्मी शिकलो. क म्हणजे बेरजेचं चिन्ह, ठ म्हणजे नुसतं वर्तुळ, ग म्हणजे झोपडीचं छप्पर. त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर पट्ट्या चिकटवल्या, हळद, जिरं, गूळ, सगळं ब्राह्मीत. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तेव्हा ते म्हणाले, "चूक तुझी. म आणि स मधला फरक बघ." मी म्हटलं, "अहो, चूक अक्षराची, की ते तुमच्या हातून आलं त्याची?" त्या वयात एवढं हसू येतं हे मला ठाऊक नव्हतं.

अडखळत, चुकत, आम्ही भिंतीवरचा पहिला शब्द आपला आपण वाचला तो 'लेण'. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो शब्द आणि रिक्षावाल्याला आम्ही सांगतो तो शब्द एकच. ते पायरीवर बसले. मला वाटलं, चक्कर आली. बघते तर डोळे भरलेले. "काही नाही," म्हणाले, "एवढं सोपं होतं, आणि किती वर्षं वाया घालवली."

पुढे आणखी तिघं मिळाली. एक डॉक्टर, ज्यांनी दवाखाना बंद केला होता पण जागा सोडवत नव्हती. एक बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. आणि एक सटाण्याचे, आयुष्यभर कांद्याची अडत चालवून मुलाकडे नाशिकला राहायला आलेले, बोलण्यात मधेच अहिराणी येणारे, त्यांना शेठ. दर गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्यात आम्ही जमायचो. पेशंटांच्या बाकांवर बसायचं, तपासायच्या टेबलावर शिलालेखांचे फोटो पसरायचे. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता तसाच होता.

नियम यांनीच घातला. नियम कसला, जुनीच रीत ती. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याची बाजू. ती अशी मांडायची की समोरच्याने म्हणावं, "हो, हेच म्हणायचं होतं मला." तो असं म्हणेपर्यंत आपलं उत्तर द्यायचं नाही. पहिल्या काही गुरुवारी कुणालाच उत्तरापर्यंत पोचता आलं नाही. डॉक्टर वैतागून म्हणाले, "साहेब, यापेक्षा ऑपरेशन सोपं." शेठ म्हणाले, "लिलावात आम्ही दुसऱ्याचा भाव ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. इथे उलटंच शे."

आणखी एक होतं. घरात ते मला अगं-तुगं करायचे. गुरुवारी मात्र मी 'बाई' असायची. "बाई, तुमचा मुद्दा मला पटलेला नाही." शाळेत वर्षानुवर्षं ऐकलेला तो शब्द, पण नवऱ्याच्या तोंडून, तुम्ही लावून. मी बुधवारी रात्रीच साडी काढून ठेवायची. हे कुणाला सांगितलं तर हसतील. हसू देत.

शेवटचे कित्येक गुरुवार आमचा वाद एकाच शिलालेखावर चालू होता. मोठ्या लेण्याच्या व्हरांड्यात, मागच्या भिंतीवर, उंचावर तो आहे. एका म्हाताऱ्या राजमातेचा. मुलगा जाऊन बरीच वर्षं झालेली, राज्य नातवाचं, आणि ही बाई भिक्षूंना लेणं दान देताना दगडावर आपल्या गेलेल्या मुलाविषयी लिहवून घेते. त्याने कुणाकुणाला जिंकलं, कुणाचा नायनाट केला. आणि त्याच दमात, अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला तो नाखूश असायचा. आणि आईच्या सेवेत त्याने कधी खंड पडू दिला नाही.

यांचं म्हणणं, ह्या साक्षीवर इतिहास उभा करता येत नाही. "एकाच दगडावर नायनाटही आणि दयाही. रडणाऱ्या माणसाला विरोध दिसत नाही. आमच्याकडे मीटर असायचे. मीटर रडत नाही."

शेठ म्हणाले, "कांदा चिरताना सगळेच रडतात, साहेब. म्हणून कुणाचीच साक्ष घ्यायची नाही का?"

"शेठ, तुम्ही बाईंची बाजू मांडताय की स्वतःची?"

"मी कांद्याची मांडतोय."

एकदा ह्यांनी असंही म्हटलं होतं, "हा लेख मुलाचा नाहीच. आईचा आहे." त्यावर मॅडमनी चहा आणला आणि विषय तिथेच राहिला.

माझं म्हणणं उलट होतं. दुःखाने नजर अंधुक होत नाही, धारदार होते. मुलाने शत्रू मारले आणि मारताना त्याचा जीव कळवळला, या दोन्ही गोष्टी आईलाच एकदम दिसू शकतात. भाट एकच काहीतरी सांगेल. त्या गुरुवारी मी ते अगदी मनासारखं मांडलं. आठी शेवटपर्यंत होती. मी थांबले तेव्हा ते म्हणाले, "बाई, मला आठवडा द्या. तुमची बाजू इतकी घट्ट झालीय की ती आधी नीट सांगायलाच मला वेळ लागेल. पण उत्तर आहे."

परतताना सिंहस्थाच्या कामासाठी खणलेल्या रस्त्यातून वाट काढत आम्ही आलो. मी विचारलं, "काय उत्तर आहे, सांगा तरी." ते म्हणाले, "गुरुवारी. तू घरात फितूर होशील." पुढचे दिवस ते फिरताना स्वतःशी पुटपुटत होते, मधेच थांबून हात हलवत होते. मंगळवारी सकाळी दात घासता घासता ते कोसळले. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मला ते उत्तर कधीच कळणार नाही. लोकांना हे दुःख समजत नाही. नवरा गेला, हे त्यांना समजतं. घर रिकामं झालं, समजतं. पण एक माणूस माझ्या मुद्द्याशी दिवसचे दिवस झुंजत होता, आणि त्याच्या डोक्यात माझं कुठे चुकलं ते स्पष्ट होतं, ते त्याच्याबरोबर जळून गेलं, हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर म्हणतात, "आता कशाला ते वाद, जाऊ दे."

घरातलं पहिल्यांदा गेलं ते स्वयंपाकघर. नणंद दिवसकार्यासाठी येऊन राहिली होती. माणसांचा राबता, डबे सापडेनात. मी आत जाऊन पाहिलं तर तिने सगळ्या पट्ट्या गरम पाण्याने खरवडून काढल्या होत्या आणि मार्करने साखर, मीठ, बेसन लिहून ठेवलं होतं. सिंकमध्ये कागदाचा लगदा. "अगं, कुणालाच वाचता येईना," ती म्हणाली. "मला येतं," मी म्हटलं. तिचा दोष नव्हता, हे मला कळतं. राग कळण्यावर चालत नाही.

मग मुलगा. तो पुण्याहून आला होता, सगळं त्यानेच निभावलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ बसून म्हणाला, "आई, आता तू त्या गुरुवारच्या भानगडीत पडू नकोस. बाबांना बीपी होतं, आणि ते तिथे जाऊन तावातावाने बोलायचे. डॉक्टरांनी तरी आवरायला हवं होतं."

"ते वादाने गेले असं म्हणतोस?"

"तसं नाही. पण या वयात शांतता लागते ना."

"कुणाला?"

त्याने फोन उचलला आणि गॅलरीत गेला. या वयात शांतता लागते! ज्याने बापाला घरात तीस वर्षं गप्प बसलेलं पाहिलं, त्याला बापाचं खरं बोलणं हीच बिघाडाची खूण वाटली. शाळेतल्या मुलाने प्रश्न विचारला तर हुशार. म्हाताऱ्याने विचारला तर त्याचं बीपी तपासा. आम्ही काय करावं अशी या तरुण मंडळींची इच्छा आहे? बागेत बसून हात वर करून खोटं हसावं, गोळ्यांच्या वेळा सांभाळाव्या, सकाळी सगळ्यांना फुलांची चित्रं पाठवावी आणि कुणाच्या म्हणण्याला नाही म्हणू नये. म्हणजे मग आम्ही गोड.

पण खरा घाव शोकसभेत बसला, आणि तो प्रेमाने घातला गेला.

ती त्याच दवाखान्यात होती. बाक भिंतीला लावून सतरंजी घातली होती. टेबलावर शिलालेखांच्या जागी तो आठी नसलेला फोटो. मॅडम बोलल्या. साहेब अतिशय शांत स्वभावाचे, कुणाला कधी दुखवलं नाही. ह्याच मॅडमना यांनी एकदा तारखेच्या मुद्द्यावर इतकं धारेवर धरलं होतं की दोन गुरुवार त्या आल्या नव्हत्या, आणि तिसऱ्या गुरुवारी पुस्तकांची पिशवी घेऊन येऊन त्यांनी यांना गप्प केलं होतं. तो मॅडमचा सगळ्यात मोठा दिवस होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला.

मग डॉक्टर उभे राहिले. माझ्याकडे वळून, गहिवरून म्हणाले, "वहिनी, एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. तुमचा दोघांचा तो राजमातेचा वाद चालू होता. साहेब जायच्या आदल्या दिवशी मला फोनवर म्हणाले, बाईंचा मुद्दा फार जबरदस्त आहे. वहिनी, साहेबांनी तुमचं मान्य केलं होतं. तुम्ही जिंकलात. आज आम्ही सगळे तुमच्याच बाजूचे आहोत."

लोकांनी डोळे पुसले. एकदोघींनी माझा हात दाबला.

सभेत उठून बोलायचा माझा स्वभाव नाही. मुद्दा जबरदस्त आहे, हे ते उत्तर देण्याआधी नेहमीच म्हणायचे. म्हणजे आता ते तुटून पडणार. डॉक्टरांना हे माहीत होतं, त्यांच्यावर ते कितीदा तुटून पडले होते. आणि तरी सांत्वनाला काही द्यावं म्हणून, पेढा हातावर ठेवावा तसा, त्यांनी मला तो वाद देऊन टाकला. मेलेल्या माणसाला हरवून. समोरच्याने "हो, हेच" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही असं शिकलेल्या माणसांनी, तो माणूस बोलू शकत नाही हे पाहून, त्याच्या तोंडी शरणागती घातली. मला तो विजय नको होता. मला माझा प्रतिपक्ष हवा होता.

शेवटी जाहीर झालं की गुरुवार बंद होणार नाही. साहेबांच्या स्मृतीसाठी चालू राहील. पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी भजन, बाकीच्या गुरुवारी गुडघेदुखी, मधुमेह अशा विषयांवर माहिती. वाद नाहीत. शेठ कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. ते एकटेच बोलले नव्हते.

मी जवळजवळ तीन महिने गेले नाही. ह्या दिवसांत मी एकटीच लेण्यांवर जात राहिले. धाप लागते, थांबत थांबत जाते. त्या भिंतीखाली उभं राहून मान वर करून वाचायचं. पूर्वी मला वाटायचं, ती राजमाता मला समजते. आता मी तिच्यासारखीच झाले आहे, आणि मला तिचाही राग येतो. तिच्या मुलाच्या कपाळावर आठी नव्हती का? एकदाही तिच्यावर खेकसला नाही का? ते कुठे लिहिलंस, बाई? मग वाटायचं, हे तर ह्यांचं म्हणणं झालं. मी कुणाच्या बाजूने उभी आहे?

तिथेच ठरवलं. ज्यांनी उत्तर द्यायचं ते नाहीत. पण माझी पाळी बाकी आहे. मला त्यांची बाजू मांडता येते.

गेल्या गुरुवारी मी आदल्या रात्री काढून ठेवलेली साडी नेसून गेले. भजनाचा गुरुवार होता. डॉक्टर पेटी काढत होते. "या वहिनी, या," सगळे उठले. मला मऊ गादीची खुर्ची दिली. मी बसले नाही. म्हटलं, "मला आज पूर्वपक्ष मांडायचा आहे. ह्यांचा."

मॅडम म्हणाल्या, "अहो वहिनी, त्रास करून घेऊ नका."

"त्रास मला तुम्ही देताय," मी म्हटलं. शांत बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. "त्यांनी मान्य केलं नव्हतं. करणारही नव्हते. तुम्ही मला तो वाद अहेरात दिलात. मी तो परत करायला आलेय."

डॉक्टरांनी पेटीचा भाता मिटला. बसले. आणि मी मांडायला लागले. दुःखातला माणूस गेलेल्याचे दोष विसरतो. त्याला एकाच वेळी दोन उलट गोष्टी खऱ्या वाटतात. त्याच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण प्रेम हा पुरावा नव्हे. म्हणून त्या बाईच्या लेखावरून राजा कसा होता हे ठरवू नये, तिला तिच्या दुःखात राहू द्यावं. मी सावकाश, त्यांच्या शब्दांजवळ जात जात बोलले. मीटर रडत नाही, हेही सांगितलं. थांबले. आता नियमाप्रमाणे कुणीतरी "हो, हेच" म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणू शकणारा माणूस आठी पुसून आता भिंतीवर टांगलेला होता.

डॉक्टरांचे डोळे भरले होते. "हुबेहूब, वहिनी. जसे काही साहेबच बोलले. अगदी हेच."

पुन्हा पेढा. मी पर्स उचलली.

"आसं नई शे," कोपऱ्यातून आवाज आला.

शेठ पुढे सरकले. चेहरा लाल झाला होता. "हे साहेबांचं नाही. चूक सांगताय तुम्ही."

"शेठ, अहो..." मॅडम म्हणाल्या.

"थांबा, मॅडम. साहेब असले असते तर थांबले असते का?" मग माझ्याकडे बघून, "तिला तिच्या दुःखात राहू द्या, असं साहेब कधी म्हणाले? उलट त्यांनी तिला सोडलंच नाही. ते म्हणाले, लेख मुलाचा नाही, आईचा आहे. साक्ष घ्यायची, पण ती मेलेल्याबद्दल नाही, रडणारीबद्दल घ्यायची. राजा कसा होता ते नाही कळणार, पण ती कशी होती ते अक्षरा-अक्षरात शे. तुम्ही त्यांना मऊ करून ठेवलं. त्या फोटोवाल्यासारखं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ते खरं होतं. चहा आला तेव्हा राहून गेलेला तो मुद्दा. कदाचित तेच उत्तर ते आठवडाभर घोळवत होते. कदाचित नसेलही. पण तो मुद्दा माझ्या घट्ट बाजूला मुळातून तडा देणारा होता, आणि मी, त्यांची बायको, तो विसरून त्यांना सगळ्यांसारखाच एक समंजस माणूस करून मांडत होते.

"मग ती एवढी वर्षं थांबून का लिहवते?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "स्वतःबद्दलच सांगायचं होतं तर—"

"अं हं," शेठनी बोट वर केलं. "उत्तर नंतर. आधी त्यांची बाजू झालेली नाही."

त्यांच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधे, एक उभी आठी पडली होती.

"पुन्हा मांडा, बाई."

मी पर्स खाली ठेवली, गादीची खुर्ची बाजूला सारली, पेशंटांच्या बाकावर बसले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.